भूमीबाबांचा सिनेमा आणि उरलेलं अंडं

या, जरा पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनाही सांगतोय. तुम्ही उठलात म्हणून भिंत काही पडत नाही. मध्ये जागा सोडली की गोष्ट तिथेच सांडते आणि मागच्यांच्या वाट्याला नुसते हातवारे येतात. आज तुम्हांला एका अंड्याची गोष्ट सांगायचं कबूल करतो. सोया सॉसमध्ये मुरवलेलं, तपकिरी, गुळगुळीत अंडं. ज्यांना अंडं चालत नाही त्यांनी खुशाल बटाटा समजावा. प्रत्यक्ष देवाने ते दीड तास पाहिलं, तेव्हा आपण फार ताणण्यात अर्थ नाही.

तर तैवानच्या दक्षिणेला शुइवेई नावाच्या गावात टपाल कचेरीतून निवृत्त झालेले लियाओ वेन-छिंग राहत होते. छत्तीस वर्षं तिकिटांच्या खिडकीमागे बसलेला माणूस. पाकिटावर तिकीट जरासं तिरकं लागलेलं दिसलं तर पाकीट दुसऱ्याचं असूनही यांच्या जिवाची घालमेल व्हायची. अशा सरळ रेषेतल्या माणसाने उभ्या जन्मात एकच थाप मारावी, आणि तीच नेमकी देवळासमोर, पंधरा फुटी पडद्यावर, सगळ्या गावादेखत उघडी पडायची वेळ यावी! पण देवाच्या दारात हिशेब असाच होतो. मोठे लबाड मोकळे फिरतात आणि लियाओंसारख्याची एक थाप देव स्वतः खुर्ची टाकून बघायला बसतो.

सुरुवात झाली ती पाओ-चू वहिनींच्या मोतीबिंदूपासून. पाओ-चू म्हणजे लियाओंची बायको. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी लियाओ गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भूमीबाबांच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, देवळात गेले, तीन उदबत्त्या लावल्या आणि म्हणाले, "बाबा, हिचा डोळा नीट होऊ दे. तुम्हांला सिनेमा दाखवीन."

तिकडे नवस असाच फेडतात. पूर्वी देवासमोर नाटक करायचे, आता सिनेमा लावतात. पडद्याचं तोंड देवळाकडे, देवळाचं दार उघडं, समोर दोन खुर्च्या रिकाम्या. एक भूमीबाबांची आणि एक त्यांच्या शेजारी बसणाऱ्या भूमीआईंची. माणसं मागे बसली तर बसली, न बसली तर न बसली. सिनेमा देवासाठी असतो, म्हणून एकदा सुरू झाला की पाऊस येवो, वीज चमको, एकही माणूस न उरो, तो मध्येच थांबवायचा नाही आणि कापायचा तर नाहीच नाही.

डोळा छान झाला. पट्टी सुटल्यावर वहिनी नवऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या कानांत केवढे केस वाढलेत!" लियाओंना भरून आलं.

आता सिनेमा कुठला लावायचा? हा प्रश्न दोघांचा होता, म्हणून अर्थातच सगळं गाव देवळात जमलं. सिनेमावाला खांग निळा टेम्पो घेऊन गावोगाव हिंडायचा. त्याच्याकडे चार सिनेमे होते: ठोशांचा, तलवारींचा, उड्या मारणाऱ्या भुतांचा आणि एक जुना प्रेमाचा.

"ठोशांचाच लावा," गावप्रमुख चुआंग म्हणाले. "सव्वीस वर्षं बाबांना तोच दाखवतोय. कधी तक्रार आली नाही."

"भुतांचा लावा हो, लियाओ भाऊजी," विड्याचं दुकान चालवणाऱ्या योंग काकू म्हणाल्या. "पोटभर हसायला येतं."

"देवाला भुतं कशाला?" चुआंग उसळले. "दिवसभर भुतांचेच तंटे सोडवायचे आणि संध्याकाळी पुन्हा भुतंच बघायची? लियाओंना विचारा, घरी जाऊन तिकीटविक्रीचा सिनेमा बघितला असता का?"

लियाओंना मनातल्या मनात वाटलं, बघितला असता की!

शेवटी देवालाच विचारायचं ठरलं. त्यासाठी चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन लाकडी फाका असतात. एक बाजू सपाट, एक फुगीर. दोन्ही हातांत धरून प्रश्न विचारायचा आणि खाली टाकायच्या. एक सपाट आणि एक फुगीर वर आली तर होकार. दोन्ही पालथ्या पडून गप्प बसल्या तर नकार. आणि दोन्ही आपल्या फुगीर पाठीवर डुलत राहिल्या तर देव हसतोय असं समजायचं. का हसतोय हे तो सांगत नाही.

ठोशांना नकार. तलवारींना नकार. भुतांना नकार, योंग काकूंनी देवाकडे रागाने बघितलं. मग खांगने चौथं नाव सांगितलं, "बोटीला अजून वेळ आहे." लियाओंच्या हातातल्या फाका तिथेच निसटल्या. होकार. पुन्हा टाकल्या, होकार. तिसऱ्यांदा टाकल्या, होकार. लागोपाठ तीन होकार म्हणजे पक्कं. आता ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

"अगं बाई!" पाओ-चू वहिनी टाळी वाजवून म्हणाल्या. "हा तर आमचा सिनेमा!"

लियाओंचा चेहरा चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या पाकिटासारखा झाला.

त्याचं असं झालं होतं. एकतीस वर्षांपूर्वी मध्यस्थीणबाईंनी दोघांना एकमेकांना बघण्यासाठी हा सिनेमा बघायला धाडलं होतं. बोटीच्या धक्क्यावर तिकिटं फाडणारा एक तरुण आणि तिथेच जेवणाचे डबे विकणारी एक मुलगी. तो रोज तिच्या डब्यातलं अंडं पळवतो, ती रोज त्याला पळीने झोडते. अर्धा सिनेमा झाला असेल, तेवढ्यात पडद्याच्या कडेला अक्षरं उमटली: "लियाओ वेन-छिंग, बाहेर कुणीतरी आलं आहे." तेव्हा थिएटरात निरोप असेच द्यायचे. बाहेर काका उभे होते. डुकरीण व्यायला आली होती आणि घरात तिला धरणारं दुसरं कुणी नव्हतं. सगळं थिएटर बघत असताना लियाओ उठले आणि मागोमाग बिचाऱ्या पाओ-चूही.

"पुढे काय होतं ते कळवाल का?" निघताना तिने विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी लियाओ थिएटरवर गेले तर सिनेमा दुसऱ्या गावाला निघून गेलेला. विचारायचं कुणाला? दोनचार दिवस त्यांनी तळमळत काढले आणि रविवारी चौदा किलोमीटर सायकल मारत तिच्या घरी जाऊन सांगितलं, "शेवटच्या क्षणी तो धावत बोटीत उडी मारतो. कप्तानच त्यांचं लग्न लावून देतो." तिने मान खाली घातली आणि आठ दिवसांत मध्यस्थीणबाई होकार घेऊन आल्या. म्हणजे लियाओंच्या मते त्यांच्या संसाराचा पायाच त्या बोटीतल्या लग्नावर उभा होता. आणि भानगड तिथेच थांबली नव्हती. दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला वहिनी विचारायच्या, "आता काय करत असतील हो ते दोघं?" आणि लियाओंना पुढचं रचावं लागायचं. त्यांनी त्या जोडप्याला शेवयांचं दुकान काढून दिलं, तीन मुलं दिली, मोठ्याला विमा कंपनीत चिकटवलं, वादळात दुकानाचं छप्पर उडवलं आणि गेल्या वर्षी त्या तरुणाला सांधेदुखी लावून दिली, कारण त्या वर्षी लियाओंचेच गुडघे धरले होते.

"शेवटी लग्न होतं बरं का!" वहिनी सगळ्यांना सांगत सुटल्या. "यांनीच मला सांगितलंय. आता चांगल्या डोळ्यांनी बघेन. मी लग्नाच्या गोड गोळ्या करून आणते, वरात निघाली की सगळ्यांना वाटू!"

लियाओंनी मनाची समजूत घातली. होतही असेल लग्न. प्रेमाच्या सिनेमात दुसरं काय होणार? आणि ते गल्ली बंद करण्याची परवानगी काढायला कचेरीत गेले.

खिडकीत वेई बाई होत्या. समोर अर्ज.

"प्रकार? लग्न, अंत्यविधी, निवडणूक, इतर?"

"देवाला सिनेमा."

"म्हणजे इतर. आनंदाचं इतर की दुःखाचं इतर?"

"आनंदाचं."

"नक्की ना, काका? आनंदाचं असेल तर भोंगा साडेनऊपर्यंत. दुःखाचं असेल तर नऊला बंद. एकदा खूण केली की बदलता येत नाही. प्रेक्षक किती?"

"दोन. भूमीबाबा आणि भूमीआई."

"दोघांसाठी गल्ली बंद करता येत नाही."

"मग माणसंही धरा. दोनशे लिहा."

"शंभरावर गेलं की अग्निशामक दलाचं पत्र लागतं."

"नव्व्याण्णव."

"देव धरून की देव वगळून?"

छत्तीस वर्षं लियाओ खिडकीच्या आतल्या बाजूला होते. बाहेरच्या बाजूला माणसाला कसं वाटतं ते आज त्यांना कळलं. मनातल्या मनात त्यांनी शुइवेईच्या समस्त जनतेची माफी मागितली.

शिक्का मारताना वेई बाई हळूच म्हणाल्या, "काका, शेवट गोड आहे ना? मी पण येणार आहे. मला रडका शेवट अजिबात सोसत नाही."

"लग्न होतं," लियाओ म्हणाले. एक थाप एकतीस वर्षं एकटीच होती, आता तिला बहीण झाली.

तिथून ते खांगकडे गेले. सिनेमाच्या आधी पडद्यावर नवस फेडणाऱ्याचं नाव दाखवतात, ती चिठ्ठी द्यायची होती.

"सिनेमा एकदम झकास निवडलात," खांग रिळं पुसत म्हणाला. "लोक पोट धरून हसतात. आणि शेवटी असे रडतात म्हणता! गेल्या खेपेला एका म्हातारीने माझाच रुमाल नेला."

"रडतात? आनंदाने ना? लग्नात रडतात तसं?"

"कसलं लग्न? लग्नबिग्न काही नाही. ती बोटीने निघून जाते, हा धक्क्यावर राहतो. संपला सिनेमा."

लियाओ टेम्पोच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "खांग, शेवटचं रीळ विसरून ये."

"बाबांचा सिनेमा?" खांगने हात झटकले. "छे छे! पलीकडच्या गावात एकाने दहाच मिनिटं कापायला लावली होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या सगळ्या बदकांनी अंडी द्यायचं बंद केलं."

"माझ्याकडे बदकं नाहीत."

"माझ्या मेहुण्याकडे आहेत."

घरी येऊन लियाओंनी दुसरा उपाय केला. वहिनींना गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टर म्हणत होते, नव्या डोळ्याने तासाभरावर पडद्याकडे बघायचं नाही." वहिनींनी लगेच फोन उचलला. डॉक्टर म्हणाले, खुशाल बघा. आणि कुठला सिनेमा आहे तेही त्यांनी आवर्जून विचारून घेतलं.

राहता राहिला देव. भर दुपारी, गल्ली निजलेली असताना लियाओ देवळात गेले आणि फाका उचलल्या. सिनेमा बदलू? नकार. निदान शेवट कापू? नकार, एक फाक घरंगळत जाऊन त्यांच्या अंगठ्यावर आपटली, तो वेगळा नकार. लियाओ गुडघ्यांवर बसले. गुडघे दुखत होतेच. "बाबा," ते म्हणाले, "त्या शेवटावर तिने मला होकार दिला होता. उद्या तिला कळेल की नवरा पहिल्याच वाक्याला खोटं बोलला. मग बाकीच्या एकतीस वर्षांतलं खरं काय, असं तिने विचारलं तर मी काय दाखवू? तुम्हांला दुसरं काही जमत नसेल तर निदान पाऊस तरी पाडाल का?"

फाका पडल्या. एक सपाट, एक फुगीर. होकार!

लियाओ तरंगतच घरी आले. देव शब्दाचा पक्का असतो, हे त्यांना ठाऊक होतं. देव ज्याला जे हवं ते अगदी नेमकं देतो आणि मग त्याचं काय करायचं ते त्याच्यावर सोपवतो, हे ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला गल्ली भरली. सिनेमात लग्न आहे म्हटल्यावर बायका चांगले कपडे करून आल्या होत्या. पाओ-चू वहिनींनी लाल-पांढऱ्या तांदळाच्या गोळ्या घालून गोड पाकाचं मोठं पातेलं आणलं होतं, लग्नात वाटतात तसं. पडद्यावर नाव झळकलं, "लियाओ वेन-छिंग सपत्नीक, कृतज्ञतापूर्वक." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लियाओ आभाळाकडे बघत होते.

सिनेमा सुरू झाला आणि गल्ली हसायला लागली. तरुणाने अंडं पळवलं की हशा, पळी बसली की त्याहून मोठा हशा. भुतांच्या बाजूच्या योंग काकूसुद्धा मांडीवर थापा मारू लागल्या. अर्धा सिनेमा झाला आणि, देवाची करणी बघा, पाऊस आला. साधासुधा नव्हे, बादल्या ओतल्यासारखा.

"पाऊस!" लियाओ आनंदाने ओरडले. "चला, चला घरी! हिचा डोळा भिजेल!"

"घरी कशाला, लियाओसाहेब?" चुआंग गरजले. "देवळाच्या पडवीत या सगळे! सिनेमा थोडाच थांबतोय!"

खांगने टेम्पोवर ताडपत्री ओढली. सगळं गाव उठून देवळाच्या पडवीत शिरलं, आणि यजमानीणबाईंना मान म्हणून सगळ्यांनी पाओ-चू वहिनींना पार आत, थेट भूमीआईंच्या शेजारी नेऊन बसवलं. अख्ख्या शुइवेईत याहून चांगली जागा नव्हती. मघाशी पुढच्याच्या अंबाड्याआड दिसणारा पडदा आता त्यांना देवाला दिसतो तसा लख्ख दिसू लागला. लियाओंनी भूमीबाबांकडे पाहिलं. बाबांच्या लाकडी दाढीत काही हललं असं त्यांना वाटलं, पण ते उदबत्तीच्या धुरामुळे असेल.

आणि शेवट आलाच. मुलीला शहरात नोकरी लागते. ती सकाळच्या बोटीने निघणार असते. तरुण तिला अडवायला निघतो तर वाटेत सायकलची साखळी पडते. तो धक्क्यावर पोचतो तेव्हा बोट लांबवर टिकलीएवढी. तिकिटाच्या खिडकीत एक डबा ठेवलेला. झाकण उघडतो तर भातावर, जन्मात पहिल्यांदा, एक नव्हे दोन अंडी. तो हसतो. मग हसता हसता रडतो. एक अंडं खातो. दुसऱ्याकडे बघतो, बघत राहतो, झाकण लावतो, डबा खुंटीला अडकवतो आणि पुढच्या माणसाचं तिकीट फाडतो. समाप्त.

मग एकदम सगळे बोलायला लागले.

"संपलं?" चुआंग उभे राहिले. "खांग, पुढचं रीळ लाव!"

"हेच शेवटचं."

"मग जिंकलं कोण? म्हणून सांगत होतो, ठोशांचा लावा. निदान कोण आडवं झालं ते तरी कळतं!"

"दोन थेंब तेल हो!" स्कूटर दुरुस्त करणारा आ-खुन कपाळ बडवत होता. "साखळीला दोन थेंब तेल घातलं असतं तर आज लग्न झालं असतं! मी लोकांना सांगून सांगून दमलो!"

"मेला अंडं खात बसला!" योंग काकू पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसत होत्या. "एवढी सोन्यासारखी पोरगी गेली आणि याला घास उतरतो कसा?"

"अहो काकू, पण दुसरं ठेवलं ना त्याने," आ-खुन म्हणाला. "म्हणजे ती परत येणार. तिच्यासाठी ठेवलंय."

"पोट भरलं असेल."

"एका अंड्याने? त्या वयात?"

"दुसरं अंडं म्हणजे आठवण आहे," वेई बाई हुंदके देत म्हणाल्या, "आठवण कुणी खाऊन संपवतं का?" आणि मग त्यांना काहीतरी आठवलं. "काका! तुम्ही आनंदाचं म्हणून खूण केलीत! आता मी दप्तरात काय दाखवू? अर्धा आनंदाचा असा रकानाच नाही!"

"खूण राहू द्या," चुआंगांचा आवाज चढला. "देवापुढे काय दाखवलंत ते बघा! बाबा आणि आई शेजारी शेजारी बसलेत आणि त्यांच्यापुढे ताटातूट? ही गल्ली आहे, इथे मुलींची लग्नं व्हायची आहेत!"

पडवी दोन भागांत फुटली. हसणारे रडणाऱ्यांना भित्रे म्हणत होते, रडणारे हसणाऱ्यांना दगड म्हणत होते, आणि अंडं ठेवलं ते बरं की वाईट यावर दोन सख्ख्या जावा पुन्हा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. कुणीतरी म्हणालं, बाबांनाच विचारा. चुआंगांनी फाका लियाओंच्या हातात कोंबल्या.

"बाबा, सिनेमा आवडला का?" लियाओंनी विचारलं.

दोन्ही फाका फुगीर पाठीवर डुलत राहिल्या. देव हसत होता. पुन्हा टाकल्या. हसला. पाच वेळा टाकल्या, पाचही वेळा हसला. चुआंग म्हणाले, हे खूश हसणं नाही, हे दुसरं हसणं आहे. आणि मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं.

"पण लियाओ भाऊजी," योंग काकू म्हणाल्या, "तुम्ही तर सांगितलं होतं लग्न होतं म्हणून?"

सगळं गाव लियाओंकडे वळलं. लियाओंना एकच चेहरा दिसत होता. पातेल्याशेजारी, भूमीआईंच्या बाजूला बसलेला, दोन लख्ख डोळ्यांनी त्यांच्याकडे बघणारा. एकतीस वर्षं जे जपलं ते आता जाणार, असं वाटून त्यांनी तोंड उघडलं. कबुली अगदी ओठांवर आली होती.

"होतंच मुळी लग्न," पाओ-चू वहिनी म्हणाल्या.

सगळ्या माना लियाओंवरून वहिनींकडे वळल्या.

"सिनेमात दाखवलं नाही, एवढंच. रीळ संपलं असेल त्यांचं. बाबा उगाच हसत नाहीत, गोष्ट अर्धीच ऐकवली म्हणून हसताहेत. पुढचं सगळं यांना माहीत आहे." आणि नवऱ्याकडे बघून, "अहो, सांगा ना. डबा खुंटीला अडकवला. मग?"

लियाओंनी हातातल्या फाका देवापुढे ठेवल्या. म्हणाले, "मग... मग तिकिटं फाडता फाडता त्याच्या लक्षात आलं की आपल्याच हातात तिकीट आहे. दुपारची दुसरी बोट असते."

"असतेच!" आ-खुन ओरडला. "दोन वाजताची!"

"त्याने डबा उचलला आणि उडी मारली. पलीकडच्या धक्क्यावर ती बाकावर बसली होती, कारण तिची बस चुकली होती. त्याने डबा उघडून पुढे केला. कप्तान बघत होता. त्याने टोपी नीट केली..."

छत्तीस वर्षं ज्याच्या तोंडून "पुढचा" याखेरीज शब्द ऐकला नव्हता तो माणूस सांगत सुटला. शेवयांचं दुकान निघालं, तीन मुलं झाली, मोठा विम्यात लागला. चुआंगांनी विचारलं, किती पगारावर? लियाओंनी तोही सांगितला. वादळात छप्पर उडालं तेव्हा योंग काकू पुन्हा रडल्या, नवं बसलं तेव्हा हसल्या. जिथे लियाओ अडखळत तिथे वहिनी हळूच पुढचा धागा देत: "अहो, धाकटीचं बारसं राहिलं." वेई बाईंनी मध्येच विचारलं, दुकानाची परवानगी काढली होती का? लियाओ म्हणाले, काढली होती, सात खेपा पडल्या. त्यावर सगळ्यांनी, खुद्द वेई बाईंनीही, समजून मान डोलावली. पाऊस थांबलेला कुणाच्या ध्यानातही आला नाही.

"आणि आता?" कुणीतरी विचारलं.

"आता त्याचे गुडघे दुखतात. पण ती शेकून देते."

फाका पडल्या. होकार. होकार. होकार. चुआंगांनी सुटकेचा असा निःश्वास टाकला की दिवा फडफडला. पातेलं उघडलं गेलं, सगळ्यांना गोड गोळ्या मिळाल्या, आणि वेई बाईंनी वही काढून पाणावल्या डोळ्यांनी लिहिलं, "कार्यक्रम आनंदाचा. साडेआठला संपन्न."

रिकामं पातेलं दोघांनी दोन कानांना धरलं आणि ओल्या गल्लीतून घराकडे निघाले. अर्ध्या वाटेवर लियाओ पातेल्याशी बोलल्यासारखे म्हणाले, "मी त्या वेळी शेवट बघितला नव्हता. मनाने सांगितलं होतं."

"ठाऊक आहे."

"आज कळलं ना. मी तेच..."

"आज कशाला? तेव्हाच ठाऊक होतं." वहिनींनी पातेल्याचा कान दुसऱ्या हातात घेतला. "सिनेमा इथून उठला तो बंदरावर लागला, ताईच्या गावी. शनिवारी आम्ही दोघी बघून आलो. इतकी रडले, इतकी रडले! आणि रविवारी तुम्ही आलात. घामाने निथळत, मान खाली घालून, कप्तानच लग्न लावतो म्हणून सांगायला. मी ताईला म्हटलं, मला रडू येऊ नये म्हणून हा माणूस चौदा किलोमीटर सायकल मारत आला आणि त्याला थापही धड मारता येत नाही. यालाच हो म्हणायचं."

लियाओ उभेच राहिले, म्हणून पातेलंही थांबलं. त्यांच्या मानी मनाला जबर धक्का बसला होता. "म्हणजे एकतीस वर्षं तू मला विचारत होतीस, पुढे काय झालं, पुढे काय झालं, आणि तुला..."

"दरवर्षी नवा भाग, तोही घरबसल्या. कशाला सोडू?"

"मग तो पगार, ते छप्पर, ती सांधेदुखी..."

"सांधेदुखी मला नाही आवडली. पुढच्या वर्षी बरी करा."

घरी पोचल्यावर वहिनींनी भात वाढला. लियाओंच्या वाडग्यात वर दोन अंडी होती, तपकिरी, गुळगुळीत. लियाओंनी एक खाल्लं. दुसऱ्याकडे बघितलं.

"काय हो," वहिनींनी विचारलं, "खरंच, त्याने दुसरं का ठेवलं असेल?"

लियाओंनी चष्मा सारखा केला, अंड्याचे चॉपस्टिकने बरोब्बर दोन अर्धे केले, एक तिच्या वाडग्यात ठेवला आणि म्हणाले, "ते पुढच्या वर्षी सांगतो."

झाली गोष्ट. आता उठताना एवढंच मागणं आहे. कथेला बसलेल्या निम्म्या माणसांना शेवट आधीपासून ठाऊक असतो, तरी ती येतात, मांडी घालतात आणि नेमक्या जागी माना डोलावतात. त्यांच्या जिवावर तर सांगणाऱ्याचा गळा चालतो. तेव्हा घरातलं कुणी तुम्हांला पाठ असलेली गोष्ट पुन्हा रंगवून सांगू लागलं, आणि "हे माहीत आहे" असं अगदी ओठांवर आलं, तर त्या शुइवेईच्या पाओ-चू वहिनींची आठवण ठेवा. थोडं पुढे सरका, आणि म्हणा, "मग?"